मार्थाआक्काची अळणी पेज

आमच्या वडगावच्या गल्लीत एखाद्या घरचा माग थांबला, की थोड्याच वेळात मार्थाआक्का त्या दारात उभी राहायची. हातात कडीचा डबा, डब्यात भाताची पेज. आणि त्या पेजेत, परमेश्वरा, मिठाचा एक खडाही नसायचा!

गल्लीत घरोघरी पॉवरलूम. दिवसभर अशी खडखड, की नवराबायकोची भांडणंसुद्धा खुणांनी चालायची. त्या गोंगाटातून एका घरचा आवाज गळाला, की आक्काचे कान टवकारायचे. माग थांबला म्हणजे माणूस पडला, हा तिचा हिशोब. मिशनच्या दवाखान्यात रोग्यांचा स्वयंपाक करण्यात तिचं उभं आयुष्य गेलेलं. ती निवृत्त झाली ती दवाखान्यातून, पेजेतून नव्हे. तिथे ब्लडप्रेशरवाल्यांसाठी अळणी पेज शिजायची. आक्कानं तीच सगळ्या मानवजातीला लागू करून टाकली होती.

सायकलवरून पडून माझा पाय मोडला, तेव्हा मी कळवळून म्हणालो, "आक्का, पायाला मीठ चालतंय की!"

"आजारी माणसाला मीठ न्हाय. पायाला बी न्हाय. डोळे मीट."

डोळे मिटायचे ते प्रार्थनेसाठी. पेज पार गार होईपर्यंत ती चालायची. तिच्यात माझा पाय यायचा, मागाची मोटर यायची, शेजारची गाभण म्हैस यायची. शेवटी, "आन् येशूबापा, ह्याला फुडं बघून सायकल चालवायची बुद्धी दे." आम्ही सगळी देवघरात घंटा वाजवणारी माणसं, पण 'आमेन' असं ठणकावून म्हणायचो की कौलं हलावीत. आमेन लवकर झालं तर सुटका लवकर!

समोरच्या भरमाअण्णानं तर शक्कलच लढवली. अंगात सणसणून ताप, पण आक्काला चकवायला गड्यानं माग चालू ठेवला आणि शेजारीच घोंगडं पांघरून पडला. भर दुपारी आक्का हजर.

"माग चालू हाय की, आक्का!" घोंगड्यातून आवाज आला.

"जेवायच्या येळंला कोण माग चालवतंय रं लबाडा? बऱ्या माणसाला भूक लागती. ऊठ, तोंड धू!"

एकदा मात्र तीच फसली. दुपारी लाईट गेली आणि सगळ्या गल्लीचे माग एका दमात गप्प झाले. आक्काच्या खोलीत दिवसा दिवा नसायचाच, तिला काय कळणार! जरा वेळानं बघतो तर आक्का आणि तिची भाची एस्तर, दोघी भलंथोरलं पातेलं दोन्हीकडून धरून घामाघूम होऊन येताहेत.

"सगळी गल्लीच पडली व्हय रं?"

आम्ही हसून लोळलो. पण पातेलं परत कोण नेऊ देणार? ठणठणीत माणसांनी कट्ट्यावर ओळीनं बसून वाटी वाटी पेज गिळली. प्रार्थना झाली आणि नेमकी आमेनला लाईट आली. तेव्हापासून लाईट गेली की भरमाअण्णा हाक मारायचा, "आक्का, या की! पण डबा घरातच असू दे."

मग आई गेली, आणि आमचा माग थांबला.

आप्पा, माझे वडील, भिंतीला टेकून बसले ते उठेनात. जेवेनात, बोलेनात. आई जिथे वावरायची त्या स्वयंपाकघराकडे तर बघतही नव्हते. पाहुण्यांनी समजावलं, डॉक्टर येऊन गेले. दिवसेंदिवस माणूस वाळत चाललेला. आता हेही हातचे जातात, या भीतीनं आम्ही एकमेकांकडे बघणं टाळायचो. आक्का रोज यायची, पेज ठेवायची, प्रार्थना करायची. आणि न्यायला आली की डबा तसाच.

एके दिवशी तिनं चमचा आप्पांच्या ओठालाच लावला. भिडेखातर त्यांनी गिळलं. चेहरा असा वाकडा झाला म्हणता! आणि किती दिवसांनी त्यांच्या तोंडून शब्द फुटला, "आक्का... मीठ?"

मी धावलो. आक्का गरजली, "बस खाली!" मग आप्पांना म्हणाली, "आत डबा हाय. पायजे तर उठून घे, मारुती."

आयुष्यात पहिल्यांदा आक्कानं मिठाला परवानगी दिली होती. आप्पा भिंत धरून उठले. स्वयंपाकघरात गेले. आईनं भरून ठेवलेल्या मिठाच्या डब्यापाशी पुष्कळ वेळ उभे राहिले. बाहेर आले ते मुठीत मीठ घेऊन, डोळे पुसत. सगळी पेज संपवली. मग आक्काला म्हणाले, "मीठ घातलं तरी काय खास न्हाय हं."

"आमेन," आक्का म्हणाली आणि डबा उचलून गेली.

परवा आक्का झोपेतच गेली. तिला माती दिली त्या दिवशी गल्लीत एकही माग चालला नाही. इतकी शांतता, की सवयीनं सगळ्यांचे कान दाराकडे. दुपारी आमच्या स्वयंपाकघरात भांडी पडल्याचा आवाज आला. उभ्या जन्मात चहा न केलेले आप्पा तांदूळ शिजवत होते. बाजूचा मिठाचा डबा मी पुढे सरकवला. त्यांनी तो मागे सारला.

एस्तर आक्काच्या खोलीत तिच्या कॉटला टेकून बसली होती. आप्पांनी वाटी तिच्या हातात दिली. तिनं एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"आप्पा, मीठ इसरलासा व्हय?"

"इसरलो न्हाय," आप्पा तिच्याशेजारी बसत म्हणाले. "पायजे तर उठून घे, बाई."