पलीकडची खोली

"घरी जाऊन बघा, मंग बोला," असं म्हणून ती पदराचं टोक बोटाला गुंडाळायची, आणि आम्ही साऱ्या बायका शाळकरी पोरींसारख्या गप्प व्हायचो. बाटली कुठं लपवलेली असते, हा तिचा हातखंडा विषय. पिठाच्या डब्यात कोपरापर्यंत हात घाल. सरपण पुढून नको, मागून उपस. मी घरी जाऊन गोधड्यांच्या घड्या उलगडल्या, तर तिसऱ्या घडीत बाटली. नवऱ्याला वाटलं, माझ्या अंगात येतं. पुढं बरेच दिवस तो मला बिचकून होता.

तुम्ही म्हणाल, अशी बाई भेटली कुठं. जाफराबादेत दारूचं दुकान शेंबडं पोरही दाखवील. दारू सोडू पाहणाऱ्यांची मीटिंग शोधायला मात्र मला चपला झिजवाव्या लागल्या. दवाखान्यात गोळ्या मिळाल्या, देवळात अंगारा मिळाला. शेवटी एका कंपाउंडरनं, चोरीच्या मालाचा पत्ता द्यावा तसा हळू आवाजात पत्ता दिला. रविवारी सकाळी, शाळेच्या मागच्या दोन खोल्या. एकीत आम्ही घरच्या बायका, व्हरांड्याच्या पलीकडच्या खोलीत पिणारे. माझा नवरा टेम्पो चालवतो. त्याला मी दर रविवारी जवळजवळ ओढतच न्यायचे.

ती केदारखेड्याहून जीपनं यायची, एकटीच. मीटिंगला न येणारे नवरे पुष्कळ असतात, म्हणून आम्ही कधी खोदून विचारलं नाही. उलट कीव करायचो. जिला इतक्या जागा पाठ, तिच्या घरचा बेवडा केवढा अट्टल असेल!

एका रविवारी एक नवी सून आली. रडून रडून तिचे डोळे सुजले होते. म्हणाली, "या लोकायला लाज कशी वाटत न्हाई हो?"

एरवी चेष्टा करणारी आमची बाई तेव्हा एकदम गंभीर झाली. "लाज लई वाटती, माय. लाजेपायीच तर अजून एक घोट लागतो."

"तुमचे मालक म्हणतेत का असं?" मी विचारलं.

"मालक माळकरी हायेत. चहाबी घेत न्हाईत," ती म्हणाली. "पिते मी."

ती खाली बघून बोलत राहिली. बाळंतपणात थंडीला म्हणून सासूनंच झाकणभर पाजली होती. "मंग ते झाकण खाली ठेवताच आलं न्हाई." माझ्या शेजारच्या बाईनं आपलं लेकरू ओढून मांडीवर घेतलं. 'हा आजार आहे, आजाऱ्याचा राग करू नये,' हे आम्ही दर रविवारी एका सुरात म्हणायचो. त्या दिवशी ते एकीच्याही तोंडून निघालं नाही. माझ्याही नाही.

तिनं सगळ्यांकडं एकदा बघितलं, उठली, व्हरांडा ओलांडला आणि पलीकडच्या खोलीत गेली. मीटिंग चालवणारे रिटायर कंडक्टर काका उठले आणि त्यांनी आपली खुर्ची तिला दिली. "इथं सगळे एकाच गाडीतले," एवढंच ते म्हणाले.

घरी येताना माझा नवरा म्हणाला, "बाईमाणसाला शोभतं का हे?" मी रस्त्यातच थांबले. हा माणूस वर्षानुवर्षं भर चौकात पडायचा. त्याला मी चार माणसांच्या मदतीनं उचलून आणायचे. मला इतका संताप आला, की पुढचे दोन दिवस मी त्याच्याशी बोलले नाही.

तरी ती येत राहिली. पुरुषांच्या खोलीत दाराशी बसायची. हात थरथरायचे थांबले, गाल भरले. एकदा व्हरांड्यात मला थांबवून म्हणाली, "ताई, सकाळी उठल्याबरोबर चहा गोड लागून राह्यला." केवढ्या कौतुकानं सांगत होती! या खोलीतलं या खोलीतच राहावं, असा मीटिंगचा नियम. पण कुणीतरी तोंड उघडलं. बायको बचत गटाला जाते असं समजणाऱ्या माळकऱ्याच्या कानावर गेलं, की ती दर रविवारी दारुड्या पुरुषांत बसते. ती स्वतः पिते हे कानावर गेलं की नाही, ठाऊक नाही. पुरुषांचं नक्की गेलं. तिचं येणं बंद झालं.

काका तिच्या गावी जाऊन आले. नवऱ्यानं ओट्यावरूनच हात जोडले. म्हणाला, "आमच्या घरात असलं काही न्हाई. तुमचा पत्ता चुकला."

दिवाळी झाली आणि जीपवाल्यानं सांगितलं, ती गेली. मी काकांबरोबर भेटायला गेले. माळकरी भिंतीला टेकून बसला होता. रडून त्याचा आवाज बसला होता. "कावीळ झाल्ती," तो म्हणाला. "लई दवा केला." त्याच्यावर चिडायचं ठरवून गेले होते, पण मला चिडता येईना. आमच्याकडं गडी दारूनं गेला, तर गाव उघड सांगतं, दारूनं गेला. हिला तेवढंही मिळालं नाही.

बायकांत जाऊन बसले. तुम्ही कोण म्हणून कुणी विचारलं, तर बचत गटातली म्हणाले. तिची जाऊ डोळे पुसत माझ्याकडं सरकली.

"लई गुणाची हो. जिंदगीत सुपारीचं खांडबी तोंडात टाकलं न्हाई बिचारीनं."

मी म्हणाले, "हो ना."