रंधा मारलेल्या पेट्या

दहा-बारा वर्षं मी दर उन्हाळ्यात ठाण्या-डोंबिवलीच्या लोकांना कल्याणपलीकडच्या डोंगरातल्या एका गुहेत घेऊन जायचे. दोर, हेल्मेट, कपाळावर टॉर्च आणि आत गेल्यावर एकदम गारवा. गुहेत वटवाघळं होती. ती काही करत नाहीत, घाबरू नका, एवढंच मी सांगायचे. स्वतःला मोठी जाणकार समजत होते ना!

एका मे महिन्यात आम्ही चौदा जण आत शिरलो, टॉर्च छताकडे गेले आणि सगळी वटवाघळं एकदम उडाली. मग जमिनीवर पिल्लं दिसली. अंगावर लव नसलेली, अंगठ्याएवढी. काही हलत होती. माद्या तिथे पिल्लं वाढवतात आणि दचकल्या की पिल्लं सुटून पडतात, हे मला घरी येऊन वाचल्यावर कळलं. फार लाज वाटली. पण गुहा सोडायची, असं काही मनात येईना. गुहेतले रविवार गेले तर माझ्याकडे नुसतं ऑफिस उरलं असतं.

म्हणून मी पेट्यांची टूम काढली. वटवाघळांसाठी लाकडी पेट्या टांगतात, असं कुठेतरी वाचलेलं. गुहेबाहेरच्या कपारीत पेट्या लावू, ती तिकडे राहतील, आम्ही आत जाऊ.

माझे वडील कोलशेतच्या एका कारखान्यात सुतारकाम करून रिटायर झालेले. रंधा मारल्याशिवाय त्यांनी उभ्या आयुष्यात एक फळी हातावेगळी केली नाही. वर्तकनगरच्या आमच्या गॅलरीत त्यांनी सहा पेट्या केल्या, खालून उघड्या, आत अरुंद. आतल्या बाजूनेही रंधा मारला, वर पॉलिश पेपर घासला. हात फिरव, एक कुसळ लागणार नाही, म्हणाले. मी हात फिरवून कौतुक केलं.

हिवाळ्यात पेट्या टांगल्या. मे महिन्यात बाबा हट्टाने बरोबर आले आणि बाहेर दगडावर बसले. पेट्या रिकाम्या होत्या. ते मी पाहिलेलं. तरी मी आत गेले, कारण लोक एवढ्या लांबून आलेले.

वटवाघळं उडाली तशी मी धावत बाहेर आले. बाबा उभे होते. एक मादी पोटाशी पिल्लू घेऊन पेटीत शिरत होती आणि घसरत होती. नखं रुतवायला जागाच नव्हती. चौथ्यांदा घसरली तेव्हा पिल्लू सुटलं. बाबांनी ते रुमालात उचललं. आम्ही त्याला डॉक्टरकडे न्यायला निघालो, पण माजिवडा येईपर्यंत ते गेलं.

"चूक माझी आहे," बाबा म्हणाले.

"पेट्या रिकाम्या आहेत हे मला माहीत होतं, बाबा."

त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

त्या पावसाळ्यानंतर पेट्या उतरवून आणल्या. बाबांनी स्वतःच्याच गुळगुळीत फळ्यांवर करवतीने आडव्या खाचा पाडल्या. मला ते बघवेना. होळी ते दसरा आम्ही आता गुहेत पाऊल टाकत नाही. एवढं काय त्यात, म्हणत निम्मे लोक दुसऱ्या ग्रुपमध्ये गेले. जाऊ देत.

यंदा मे महिन्यात मी एकटीच गेलेले. लांबून दुर्बिणीने पाहिलं, तर तिसऱ्या पेटीत एक वटवाघूळ लटकलेलं. घरी येऊन चप्पलही न काढता बाबांना सांगितलं.

"पिल्लू होतं का गं तिच्याजवळ?" त्यांनी विचारलं.

नव्हतं.