मारुती हलवायचं ठरलं त्या दिवशी

...पहाटे उठलं की आधी ह्यांचे तालमीतले कपडे भिजवायचे. बादलीतलं पाणी लाल व्हायचं. मग चहा, भाकरी, डबा... फर्स्ट शिफ्टची बस यायच्या आत सगळं उरकायचं. "थोडी माती तालमीत ठेवून येत जा की," असं मी रोज म्हणायचे आणि हे रोज हसायचे.

गेल्या सोमवारी दारात झाडताना ही सकाळ आठवत होती. तेवढ्यात रस्त्यावरून जेसीबी तालमीकडे गेला.

हे जाऊन आता तीन वर्षं होतील. आम्ही साताऱ्याकडचे, भोसरीत वर्कशॉपच्या नोकरीसाठी आलो. गावकीच्या तालमीत बाहेरच्या माणसाला कोण घेतं... पण ह्यांना घेतलं, आणि पुढे सगळे ह्यांना वस्ताद म्हणायला लागले. आमचं घर भाड्याचं, जमीनजुमला नाही. या गावात ह्यांचं म्हणून जे काही उरलंय ते त्या दगडी तालमीतच.

तालीम फार जुनी. गावच्या लोकांनी बैलगाड्यांतून दगड आणून बांधलेली. दार इतकं बुटकं की पैलवानालासुद्धा वाकूनच आत जावं लागतं. बायका आत जात नाहीत, त्यामुळे मी ती कायम बाहेरूनच पाहिली.

जागा मोक्याची, रस्त्याला लागून. संपत ह्यांच्याच हाताखाली तयार झालेला पैलवान, आता जमिनीच्या प्लॉटिंगमध्ये आहे. तिथे खाली शोरूम, वर ऑफिसं, तिसऱ्या मजल्यावर पोरांसाठी कुस्तीच्या मॅटचा हॉल आणि मागच्या बाजूला मारुतीला संगमरवरी मंदिर, असं त्याने ठरवलं. "काकी, मातीत आता कोण खेळतंय?" तो मला म्हणाला. खोटं बोलत नव्हता तो. छप्पर गळतं, पोरंही कमी झालीत...

तालमीच्या दारावर महापालिकेची, धोकादायक इमारत म्हणून नोटीस लागली होती. माझी शाळा चौथीत सुटली, वाचायला मी नंतर स्वतःच शिकले, डब्याला गुंडाळायच्या पेपरांवरून. ती नोटीस मी उभी राहून सगळी वाचली. भिंती पक्क्या आहेत, छपराची दुरुस्ती करता येईल, असं मी गावकीच्या बैठकीत सांगून पाहिलं. "काकी, तुमचं घर थोडंच पाडतोय कुणी," मागून एकजण म्हणाला. सगळे हसले. मी घरी आले.

पाडायच्या आधी तालमीतला मारुती हलवायचा होता. त्याआधी पाच सवाष्णींनी बाहेरून ओवाळायचं ठरलं. मला बोलावणं नव्हतं. त्याचं वाईट वाटलं नाही असं लिहिणार होते... पण वाटलं. तरी त्या सोमवारी मी रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभी राहिले.

मानाचं ताट संपतच्या आईकडे, आक्कांकडे होतं. आक्कांनी ताट घेतलं आणि इकडे तिकडे पाहिलं. "वस्तादाची मालकीण कुठं हाय?"

"आई, काकींना आज कसं बोलवायचं... सवाष्णींचं काम हाय," संपत हळू आवाजात म्हणाला.

तालमीची माती मऊ राहावी म्हणून तिच्यात ताक, हळद, लिंबू घालतात. ताक आमच्या घरून जायचं. हे गेल्यावरही मी ते पाठवणं थांबवलं नव्हतं.

"वस्ताद गेल्यावर बी दर शनवारी हिच्याच घरचं ताक वतलं की मातीत. ते चाललं व्हय तुमाला?" आक्का म्हणाल्या. मग मला हाक मारली. मी रस्ता ओलांडून गेले. त्यांनी ताट माझ्यापुढे केलं. "धर. पयलं तू ववाळ."

तीन वर्षांत माझ्या हातात कुणी ताट दिलं नव्हतं. निरांजनाची ऊब बोटांना लागत होती. फार ओवाळावंसं वाटलं... खरंच सांगते. पण मी ओवाळलं असतं तर देव हलला असता, आणि मागोमाग जेसीबी पुढे आला असता.

"आक्का, मी नाही ओवाळणार. मारुती इथंच राहू दे." एवढंच बोलले आणि ताट कट्ट्यावर ठेवलं.

आक्का माझ्याकडे बघत राहिल्या. वाटलं, आता चिडतील... त्यांचाच मुलगा, त्याचंच काम. पण त्या ताटाशेजारी कट्ट्यावर बसल्या. मग बाकीच्या चौघींनीही आपापली ताटं खाली ठेवली.

"आई, मशीनचं भाडं तासावर हाय," संपत म्हणाला.

"मग दे धाडून माघारी."

देव आत असताना भिंतीला हात लावायला जेसीबीवालाही तयार होईना. दुपारी तो निघून गेला. संपत माझ्याशी बोलला नाही, अजूनही बोलत नाही. तालीम वाचली असं मी म्हणणार नाही. त्या दिवशी पाडली नाही, एवढंच.

घरी आले, चप्पल काढली आणि "अहो, ऐकलंत का..." असं तोंडातून निघून गेलं. घरात कुणी नव्हतं. मग कागद घेऊन दारातच बसले.

दुसऱ्या दिवशी आक्का आणि मी बसने पिंपरीला महापालिकेत गेलो. तालीम न पाडता दुरुस्त करावी, असा अर्ज मी घरूनच लिहून नेला होता. खिडकीतला माणूस म्हणाला, खाली पूर्ण नाव लिहा. उखाणा सोडला तर ह्यांचं नाव मी कधी तोंडाने घेतलेलं नाही. माझं नाव आणि आडनाव यांच्या मधे ते नीट, सुटं सुटं लिहिलं. त्याखाली आक्कांनी अंगठा दिला.