बेडशाच्या खाचरातला निळा शर्ट

साठी जवळ आल्यावर माझ्या बायकोने ब्रश हातात घेतला. लोणावळ्यातल्या एका बाईंकडे ती चित्रकला शिकू लागली. मी नुकताच रेल्वेतून निवृत्त झालो होतो, त्यामुळे तिचं स्टूल आणि रंगांची पिशवी वाहायचं काम आपोआप माझ्याकडे आलं.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर आम्ही लोणावळ्याजवळ बेडशाला गेलो. भात पिवळं झालं होतं. ती बांधावर बसली आणि मी मागे उभा राहिलो. तिच्या चित्रात झाड म्हणजे हिरव्या-निळ्या रंगाचे चार फटकारे आणि डोंगर म्हणजे जांभळट डाग. मला यातलं काहीच कळत नाही, असं मी दोन-तीनदा बोलून दाखवलं. शेवटी ती म्हणाली, "जरा लांब जाऊन बघा."

मी लांब गेलो तो थेट खालच्या खाचरात. तिथे एक नवरा-बायको भात कापत होते. कापायला यायची माणसं त्या दिवशी आली नव्हती. बाईंनी आमची चौकशी केली, मग म्हणाल्या, "भाऊ, उभ्यानं कट्टाळा येईल. विळा धरता का?"

निळ्या शर्टाच्या बाह्या वर सारून मी धरला. मूठ कशी आवळायची, विळा कसा ओढायचा, हे त्यांनी दाखवलं. माझी पहिली पेंढी उचलताच सुटली. त्यांच्या नवऱ्याने ती पुन्हा बांधली. दुपारपर्यंत मात्र हात बसला. इतकं मोकळं मला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

जेवायला त्यांनी आम्हा दोघांना भाकरी आणि सुकटाची चटणी दिली. नंतर सगळे चित्र बघायला गेलो. बाई आधी जवळ गेल्या, मग चार पावलं मागे आल्या आणि हसू लागल्या.

"हे आमचं मालक, ही मी. आन् ह्यो निळा ठिपका म्हंजी तुमी, व्हय?"

"अर्धं चित्र झाल्यावर हे मधेच शिरले," बायको म्हणाली. "मग घेतलं त्यांनाही."

ब्रशचा एकच फटकारा होता, पण तो मीच होतो. उजवा कोपर बाहेर काढून वाकायची माझी खोडसुद्धा त्यात उतरली होती. मी बराच वेळ बघत राहिलो.

दुसऱ्या दिवशी कंबर धरली. तेल चोळताना बायकोने विचारलं, आता शेताचं नाव काढणार नाही ना? मी सांगितलं, त्यांचं ओढ्यापलीकडचं खाचर कापायचं राहिलंय आणि रविवारी त्यांनी दोघांनाही बोलावलंय.