गच्चीवरचं बटण

आईच्या वाघोलीच्या सोसायटीचे सेक्रेटरी समोर दिसले की अजूनही माझं डोकं फिरतं. भांडण एका बटणाचं आहे, एवढ्याशा पांढऱ्या बटणाचं. लोक म्हणतात, सोड आता. मी सोडणार नाही.

आई अमरावतीकडची. बाबा गेल्यावर मी तिला पुण्यात आणलं आणि डिश बसवून देते म्हटलं, तर तिने साफ उडवून लावलं. "एकच चॅनल पाह्यतो मी. बाकीचे कायले?" त्या एका सरकारी वाहिनीसाठी गच्चीवर ॲल्युमिनियमचा अँटेना होता, सिंहगडावरच्या टीव्ही प्रक्षेपणाच्या मनोऱ्याकडे तोंड करून. चित्र बरं यायचं. मग शेजारच्या प्लॉटवर अकरा मजली टॉवर उभा राहिला तो नेमका आमच्या आणि सिंहगडाच्या मध्ये, आणि टीव्हीत मुंग्याच मुंग्या. त्या बिल्डरच्या जाहिरातीत 'मोकळं आकाश' असं मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं. ते कुणाचं घेतलं, त्याचा उल्लेख नव्हता.

आईने मुंग्याही चालवून घेतल्या असत्या. पण त्याच वर्षी एक वेगळी गोष्ट घडली. वाघोलीतल्या विदर्भाकडच्या बायका जमून भुलाबाईची गाणी म्हणतात. त्यांना त्या वाहिनीने मुंबईला नेऊन रेकॉर्ड केलं. आई दुसऱ्या ओळीत होती. जन्मात पहिल्यांदा कॅमेऱ्यासमोर उभी राहिली होती. जेमतेम दहा मिनिटांचा कार्यक्रम, रविवारी संध्याकाळी पाचला, एकदाच लागणार होता. बाकीच्या जणींच्या घरी डिश होत्या, त्यांनी आग्रहाने बोलावलं. आईचं एकच, "मी माह्या घरी पाहीन, माह्या टीव्हीवर."

म्हणून मी सिग्नल वाढवणारा बूस्टर आणला. आधी टीव्हीच्या मागेच लावला, तर मुंग्या नुसत्या ठळक झाल्या. गच्चीवरून खाली येईपर्यंत वायरीतच सिग्नल मरत होता आणि बूस्टर उरलेला कचरा फुगवत होता. मग तो वर, अँटेनाच्या दांडीलाच बांधला. चित्र लख्ख! पण त्याला वीज देणारा डबा घरात, टीव्हीजवळ होता, आणि आईची सवय अशी की टीव्ही बंद केला की बोर्डावरची सगळी बटणं खटाखट बंद करायची. पुन्हा टीव्ही लावताना डब्याचं बटण हमखास विसरायचं. वीज नसलेला बूस्टर म्हणजे वायरीत घातलेला बोळा. त्यापेक्षा तो नसलेला बरा. रविवारी घाईत असं काही होऊ नये म्हणून मी तो डबाही वर नेला आणि गच्चीच्या दारापलीकडच्या प्लगला लावला. सेक्रेटरींना रीतसर विचारून लावला.

"लावा," ते म्हणाले, "फक्त घाण करू नका."

शनिवारी बातम्या सांगणाऱ्या बाईच्या कानातले डूलसुद्धा दिसले. आई खूश, मी खूश.

रविवारी आई चारलाच तयार होऊन बसली, रेकॉर्डिंगला नेसली होती तीच साडी नेसून. पाचला पाच कमी असताना टीव्ही लावला. मुंग्या. मी चार मजले धावत वर गेले. गच्चीच्या जाळीच्या दाराला कुलूप होतं. जाळीपलीकडे, हात पोचणार नाही अशा अंतरावर, माझं बटण बंद केलेलं स्पष्ट दिसत होतं.

खाली येऊन सेक्रेटरींची बेल दाबली. पुन्हा दाबली. बऱ्याच वेळाने दार उघडलं.

"काय, आग लागलीय का कुठे?"

"अहो काका, गच्चीची चावी द्या. बूस्टरचं बटण कुणीतरी बंद केलंय."

"कुणीतरी कशाला? मीच केलंय. सोसायटीच्या मीटरवर दिवसरात्र बटण चालू ठेवायला ही काय धर्मशाळा आहे?"

"पण तुम्हीच हो म्हणाला होतात ना?"

"लावा म्हणालो होतो. चालू ठेवा म्हणालो नव्हतो."

एवढ्यात त्यांच्या पाठीमागे, त्यांच्या टीव्हीवर, भुलाबाईची गाणी सुरू झाली. टाळ्यांचा ठेका मला दारात ऐकू येत होता. मी ओरडूनच सांगितलं, हाच आईचा कार्यक्रम, हाच! "मग आधी सांगायचं," म्हणत ते आत गेले. चावी शोधता शोधता टीव्हीसमोर थांबले. बघितलं. मग दुसऱ्या खणात शोधू लागले. आत या म्हणाले नाहीत. आईंना बोलवा म्हणाले नाहीत. एवढे दोन शब्द बोलले असते तरी सगळं निभावलं असतं, पण या माणसाच्या तोंडून फक्त नियम बाहेर पडतात. त्यांची गचांडी धरावी असं मला वाटत होतं, आणि धरली नाही याचं अजून वाईट वाटतं.

चावी मिळाली. वर जाऊन बटण दाबलं आणि धावत घरी आले. चित्र स्वच्छ होतं. एक साहेब सोयाबीनवरची फवारणी समजावून सांगत होते. आई हात मांडीवर ठेवून त्यांच्याकडे बघत होती.

"झालं वाटते," ती म्हणाली. तिने टीव्ही बंद केला आणि मग सवयीप्रमाणे बोर्डावरची सगळी बटणं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सेक्रेटरी आम्हा दोघींना जिन्यात भेटले. चेहरा हसरा. "काय काकू, काल टीव्हीवर झळकलात की! आमच्याकडे अगदी स्वच्छ दिसत होतं."

रात्रभर साठवलेलं सगळं माझ्या तोंडाशी आलं होतं. मी सुरुवात करणार तोच आईने माझं मनगट धरलं आणि ती एक पायरी खाली उतरून त्यांच्यासमोर उभी राहिली.

"तुम्ही पाह्यलं मले?" तिने विचारलं. तिच्या आवाजात रागाचा लवलेश नव्हता. "माहा पदर बराबर होता का जी?"

सेक्रेटरी गडबडले. "पदर... म्हणजे, तेवढं काही..." ते आठवू लागले. आई त्यांच्या तोंडाकडे बघत थांबून राहिली.