हॉटेलात कोण जेवते?

नव्वदच्या दशकात तलावांच्या मोजणीसाठी मला गोंडपिपरीकडच्या एका खेड्यात जावं लागे. तिथं एकच हॉटेल. पहिल्याच दिवशी भुकेनं कावलेलो, मालकाला विचारलं, जेवायला काय आहे?

"चहा आहे, भजे आहेत. हॉटेलात कोण जेवते जी?"

तीनदा विचारलं, तीनदा हेच उत्तर. मग पाटीवर 'हॉटेल' कशाला लिहिलंय! शेवटी मी ओरडलो, "परक्या माणसानं जेवायचं तरी कुठं?"

तोही भडकला. "काऊन, गावात घरं नाईत का?"

हॉटेल तसंच उघडं टाकून त्यानं मला घरी नेलं आणि भात, मासोळ्यांचा रस्सा वाढला.

पुढच्या खेपेला मी शहाणपणा करून डबा नेला. डबा पाहिला आणि पठ्ठ्यानं मला चहासुद्धा दिला नाही.