दाराआडच्या पट्ट्या

परभणीत स्टेशनपलीकडचा तो बंगला मी घेतला, तेव्हा नातेवाइकांनी मला वेड्यात काढलं. शंभरेक वर्षांचं घर. दगडी जोतं, कमानींचा व्हरांडा, आणि छत इतकं उंच की पंख्याची दांडी वाढवावी लागली.

रंगवायला एक म्हातारे रंगारी आले. त्यांचं नाव मी विचारलंच नाही. ब्रश लावण्याआधी ते भिंतीला तळहात टेकवून डोळे मिटत, जणू तिचा ताप बघतायत.

दिवाणखान्याच्या दाराआड बोटभर रुंदीच्या दोन जुन्या पट्ट्या होत्या, निळी आणि पिवळी. शेजारी हिरव्या भिंतीची तिसरी पट्टी तशीच सोडून ते पुढे सरकले.

“पूर्ण भिंतीचं ठरलंय,” मी म्हणाले.

“हितं न्हाई, बाई. निळा निजामाच्या अंमलदाराचा, माझ्या आज्यानं दिलेला. पिवळा कापसाच्या शेठचा, बापानं. हिरवा वकीलसाहेबाचा, म्या. मालक बदलला की जुन्याची एक पट्टी ठेवायची, आमच्या घरचा रिवाजच हाय.”

“मग माझी कुठंय?”

“तुमी तर आत्ताच आलाव,” ते हसले. “तुमी गेल्यावर पुढचा ठेवंल की.”

झरोक्यातलं ऊन पट्ट्यांवरून हळूहळू सरकत होतं, निळ्यावरून पिवळ्यावर, पिवळ्यावरून हिरव्यावर. तिथून ते माझ्या रंगावर आलं. मळखाऊ करडा. डाग दिसू नयेत म्हणून निवडलेला.

“काम थांबवा,” मी म्हणाले. “आणि ते रंगांचं कार्ड जरा परत द्या.”